वर्गात फसलेली टेस्ट, जांभळी रिंग आणि हॉपकिन्ससर

वैतरणा

बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने प्रथिनं तपासायची हॉपकिन्स-कोल टेस्ट केलेली असणार. टेस्ट ट्यूबमध्ये अंड्याच्या पांढऱ्याचं पाणी घ्यायचं, त्यात रिएजंट टाकायचं, मग ट्यूब तिरकी धरून कडेकडेने अगदी हळू सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं आणि अजिबात हलवायचं नाही. ॲसिड जड, ते खाली बसतं. दोन थर भेटतात तिथे जांभळी रिंग येते. मी एकतीस वर्षं ही टेस्ट पोरांकडून करून घेतली, गेल्या वर्षी रिटायर झाले, आणि रिंग आल्यावर पोरांच्या तोंडावर जे काही येतं ना त्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

पण ज्यांचं नाव त्या टेस्टला आहे त्यांच्याबद्दल मी वर्गात फारसं कधी बोलले नाही, सिलॅबसच संपत नसे. आता वेळ आहे म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स. जन्म २० जून १८६१, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ईस्टबोर्नला. वडील पुस्तकविक्रेते, ते हा तान्हा असतानाच गेले. आईने मायक्रोस्कोप दिला आणि हा मुलगा समुद्रावर जाऊन मिळेल ते त्याखाली बघत बसायचा. पुढे लंडनमध्ये शाळेत घातलं तर तिथे इतका कंटाळला की एकदा कितीतरी दिवस शाळेत गेलाच नाही, नुसता भटकत राहिला. शेवटी शाळा बदलावी लागली. सतराव्या वर्षी घरच्यांनी विमा कंपनीत चिकटवला, तिथे सहा महिने. मग एका केमिकल ॲनालिस्टकडे उमेदवारी. मात्र त्याच सुमारास, १८७८ साली, त्याने बॉम्बार्डिअर बीटल नावाचा किडा जो जांभळट धूर सोडतो त्यावर कीटकशास्त्राच्या मासिकात टिपण छापून आणलं. शाळा बुडवणारा हाच मुलगा.

पुढे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये सर थॉमस स्टीव्हन्सन यांचा असिस्टंट झाला. स्टीव्हन्सन म्हणजे सरकारचे विषतज्ज्ञ, खुनाच्या खटल्यांत पोटातलं विष शोधून कोर्टात साक्ष देणारे. त्या कामात हॉपकिन्सचा हात इतका नेमका झाला की मिलिग्रॅममधला फरक सुटायचा नाही. आणि डॉक्टरकीला प्रवेश कधी घेतला? १८८८ साली, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी. डॉक्टर झाला तेव्हा तेहेतीस. केंब्रिजला गेला १८९८ साली, मायकेल फॉस्टर यांनी शरीरक्रियाशास्त्र विभागात रसायनाची बाजू शिकवायला बोलावलं म्हणून. तेव्हा वय सदतीस. पगार पुरायचा नाही म्हणून इमॅन्युएल कॉलेजमध्ये जास्तीचं शिकवायचा. आपल्याकडे पस्तिशीत लेक्चररशिप नाही म्हणून हताश झालेली मुलं मला भेटतात, त्यांच्यापैकी कोणी वाचत असेल तर हे आकडे परत एकदा वाचा.

आता मूळ गोष्ट. तेव्हा प्रथिनांसाठी आडामकिएविच नावाची टेस्ट होती, ॲसेटिक ॲसिड आणि सल्फ्युरिक ॲसिड वापरून जांभळा रंग आणायचा. हॉपकिन्सच्या प्रॅक्टिकलच्या वर्गात एकदा ती आलीच नाही. आता खरं सांगते, आपण काय करतो अशा वेळी? बाटली बदलून द्या, शेजारच्याचं बघून लिहा, पुढे चला. मीही केलंय. हा माणूस अडून बसला की का आली नाही. सिडनी कोल नावाच्या सहकाऱ्याबरोबर शोधत गेला तर कळलं की ॲसेटिक ॲसिड फार शुद्ध होतं म्हणून टेस्ट फसली! रंग ॲसेटिक ॲसिडमुळे येतच नव्हता, त्यातल्या ग्लायऑक्सिलिक ॲसिडच्या भेसळीमुळे येत होता. मग पुढचा प्रश्न, प्रथिनातला कोणता तुकडा याच्याशी रंग देतो? त्या रंगाचा माग काढत दोघांनी १९०१ साली ट्रिप्टोफॅन वेगळं काढलं. एका वर्गातल्या फसलेल्या प्रॅक्टिकलमधून एक आख्खं अमिनो ॲसिड, म्हणजे प्रथिनं ज्या तुकड्यांची बनतात त्यातला एक. म्हणून मला हा माणूस संशोधकाच्या आधी शिक्षक वाटतो.

व्हिटॅमिनचं उद्या लिहिते, आता डोळे दुखायला लागले.

मी_मिरजकर

ताई काय सुंदर लिहिलंय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. मी बीएस्सीला ही टेस्ट केलीय पण मला तेव्हा हॉपकिन्स-कोल म्हंजे एकच माणूस वाटायचा.

गवतीचहा

वा! बीटलवरचं टिपण माहीत नव्हतं. फुलपाखरांच्या पंखातल्या रंगावरपण यांनीच काम केलं ना?

वैतरणा

हो गवतीचहा. पांढरी-पिवळी फुलपाखरं असतात ना, पिएरिडी कुळातली, त्यांच्या पंखातला पांढरा रंग म्हणजे युरिक ॲसिड असं त्यांचं मत होतं. पुढे विलांड आणि मंडळींनी दाखवलं की ते युरिक ॲसिड नाही, टेरिन नावाची वेगळीच संयुगं आहेत. म्हणजे तिथे हॉपकिन्स चुकले. पण त्या नादात लघवीतलं युरिक ॲसिड मोजायची जी पद्धत त्यांनी बसवली ती पुढे कितीतरी वर्षं वापरात होती.

आता उंदीर. डोक्यात प्रश्न असा की प्रथिनं, चरबी, पिष्ट, क्षार आणि पाणी, एवढं शुद्ध स्वरूपात दिलं की प्राणी जगायला हवा, बरोबर? तेव्हाची पुस्तकं तसंच सांगायची. त्यांनी १९०६ साली एडिथ विलकॉक यांच्याबरोबर आधी हे दाखवलं की उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातलं झीन दिलं तर ते लवकर मरतात, कारण झीनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही. ते वरून घातलं तर जास्त दिवस काढतात, मात्र वाढत नाहीत. म्हणजे प्रथिन नुसतं किती हे बघून चालत नाही, कसलं हेही बघावं लागतं. आज आपण डाळ-भात एकत्र का खावा हे सांगतो त्याच्या मागे हाच विचार.

मग १९१२ चा तो प्रसिद्ध पेपर. वाढीच्या वयाचे उंदीर, त्यांचे दोन गट. दोघांनाही शुद्ध केलेलं खाणं, दुधातलं केसीन, स्टार्च, साखर, डुकराची चरबी, क्षार. एका गटाला त्यावर रोज फक्त ३ सीसी दूध. ३ सीसी म्हणजे चहाचा चमचासुद्धा भरत नाही. कोरड्या वजनात धरलं तर एकूण खाण्याच्या ४ टक्क्यांच्या आत. दुधाशिवायचे उंदीर वाढायचे थांबले, दूधवाले भराभर वाढले. मग अठराव्या दिवशी अदलाबदल, ज्यांना दूध होतं त्यांचं बंद आणि ज्यांना नव्हतं त्यांना सुरू. कागदावरच्या दोन रेषा एकमेकींना छेदून जातात, वरची खाली झुकते आणि खालची वर चढते. मी तो आलेख दर वर्षी फळ्यावर काढायचे, अठरावर उभी रेघ मारून, आणि रेषा छेदल्या की थोडा वेळ गप्प उभी राहायचे. त्या थेंबभर दुधात जे काही होतं त्याला त्यांनी नाव दिलं ॲक्सेसरी फॅक्टर्स. तेच पुढे व्हिटॅमिन.

शंकेखोर

लेख चांगलाय पण हॉपकिन्स यांनी व्हिटॅमिन शोधलं असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल असं मला वाटतं. आइकमन यांनी जावामध्ये १८९० च्या दशकातच कोंबड्यांवर दाखवलं होतं की पॉलिशचा तांदूळ खाऊन कोंबड्या बेरीबेरीसारख्या आजाराने लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. आणि व्हिटॅमिन हा शब्द तर १९१२ साली कासिमिर फुंक यांनी दिला. १९२९ चं नोबेल आइकमन आणि हॉपकिन्स यांना मिळालं, फुंक यांना नाही. शिवाय इतक्या कमी दुधावर तसे निकाल अमेरिकेत ओसबॉर्न आणि मेंडेल यांना मिळाले नव्हते हेही सांगायला हवं.

वैतरणा

शंकेखोर, तुमचं सगळं बरोबर आहे, मी घाईत ओलांडून गेले. मागे जायचं तर अजून मागे जाता येईल, १८८१ साली लुनिन यांनी उंदरांना दुधाचे शुद्ध घटक वेगवेगळे करून दिले तर ते मेले होते आणि आख्खं दूध दिलं तर जगले होते. नेदरलँड्समध्ये पेकेलहारिंग यांनी १९०५ साली जवळजवळ हाच निष्कर्ष डच भाषेत छापला होता, तो बाहेर फारसा कोणी वाचलाच नाही. आणि मला जे आवडतं ते हे, की हॉपकिन्स यांनी नोबेलच्या व्याख्यानात स्वतःच पेकेलहारिंग यांचं काम आवर्जून सांगितलंय. बक्षीस घ्यायला उभं राहून, हे माझ्या आधी दुसऱ्याने केलं होतं, असं किती जण सांगतात?

फुंक यांच्यावर अन्याय झाला हे माझंही मत. दुधाच्या प्रमाणाबद्दलची शंकाही खरी, त्यावर बरीच वर्षं वाद चालला. पण रेषा छेदणारा तो प्रयोग इतका साधा होता की त्यानंतर हा विषय कोणाला टाळता आला नाही. शोधाचं श्रेय वाटून घ्या, मला चालेल. पटवून देण्याचं श्रेय मात्र त्यांचंच.

सावंतवाडकर

कोंड्यासकट तांदळावरून आठवलं. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज रोज सकाळी, आजी म्हणायची पांढरा तांदूळ खाऊन अंगात जोर येत नाही. आम्ही हसायचो. यात काही शास्त्र आहे का ताई?

वैतरणा

आहे ना! भात सालासकट उकडला की कोंड्यातलं बी वन व्हिटॅमिन, जे कमी पडलं की बेरीबेरी होतो, ते काही प्रमाणात दाण्यात उतरतं, मग तो कांडून पांढरा केला तरी पॉलिशच्या पांढऱ्या तांदळापेक्षा त्यात जास्त राहतं. उकडा खाणाऱ्या भागांत बेरीबेरी कमी दिसायचा तो याचमुळे. आजींना नमस्कार सांगा.

टेम्स_काठी

इथे नोकरीमुळे केंब्रिजला अधूनमधून जाणं होतं. टेनिस कोर्ट रोडवर जी जुनी बिल्डिंग आहे तिला आता हॉपकिन्स यांचं नाव आहे, ती मूळची सर विल्यम डन इन्स्टिट्यूट, १९२४ साली उघडली. डन हे व्यापारी-बँकर होते, त्यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून बांधली. त्याआधी बायोकेमिस्ट्रीला धड जागाच नव्हती, १९१४ मध्ये हॉपकिन्स केंब्रिजचे बायोकेमिस्ट्रीचे पहिले प्रोफेसर झाले तेव्हा विषयाची वेगळी इमारतही नव्हती. माझी चुलत बहीण तिथे शिकली, ती म्हणते की लॅबमधले लोक त्यांना हॉपी म्हणायचे हे अजूनही सांगितलं जातं.

वैतरणा

टेम्स_काठी, बरं झालं लिहिलंत, आता मला ज्यासाठी हा धागा काढायचा होता तिथेच आलो.

त्यांचं स्वतःचं संशोधन मोठं आहेच. १९०७ साली फ्लेचर यांच्याबरोबर बेडकाच्या स्नायूवर काम केलं, स्नायू पटकन बर्फगार अल्कोहोलमध्ये टाकायचा म्हणजे चिरडताना तयार होणारं लॅक्टिक ॲसिड मध्ये येत नाही, तेव्हा कुठे कळलं की स्नायू थकतो तेव्हा लॅक्टिक ॲसिड साठतं आणि ऑक्सिजन मिळाला की कमी होतं. पण कामाचा इतका भार घेतला की १९१० च्या सुमारास तब्येत ढासळली, मग ट्रिनिटी कॉलेजने फेलोशिप देऊन शिकवण्याच्या ओझ्यातून थोडं सोडवलं.

पण माझ्या मते त्यांची खरी मोठी गोष्ट म्हणजे ती लॅब. तिथे कोण कोण होतं बघा. जे. बी. एस. हाल्डेन रीडर होते, जोसेफ आणि डोरोथी नीडहॅम, माल्कम डिक्सन, रॉबिन हिल. सेंट-ज्योर्जी नावाचा हंगेरियन माणूस १९२६ साली नोकरी गेलेल्या अवस्थेत, बायको-मुलीला घरी पाठवून, जीव द्यायच्या विचारात स्टॉकहोमच्या परिषदेला शेवटचं म्हणून गेला होता. तिथे हॉपकिन्स यांच्या भाषणात त्याचं नाव तीनदा आलं. त्याने धीर करून जाऊन ओळख करून दिली, तर हॉपकिन्स म्हणाले केंब्रिजला या. तिथे त्याने जे हेक्झुरॉनिक ॲसिड वेगळं काढलं तेच व्हिटॅमिन सी निघालं. हे सेंट-ज्योर्जी यांनी नंतर स्वतः सांगितलंय.

१९३३ मध्ये हिटलर आल्यावर ज्यू शास्त्रज्ञांना जर्मनीत नोकऱ्यांतून काढायला लागले. हान्स क्रेब्स यांना फ्रायबुर्गमधून काढलं आणि काही आठवड्यांत हॉपकिन्स यांनी त्यांना आपल्याकडे जागा दिली. एर्न्स्ट चेन हेही तिथे आले. क्रेब्स पुढे शेफिल्डला गेले आणि आपण सगळ्यांनी पाठ केलेली क्रेब्स सायकल, पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढते ते चक्र, त्यांनी १९३७ साली मांडली. चेन ऑक्सफर्डला गेले, फ्लोरी यांच्याबरोबर पेनिसिलीन. मी क्रेब्स सायकल शिकवताना आता नेहमी म्हणते, म्हणजे म्हणायचे, की या वर्तुळाच्या आधी एका म्हाताऱ्या प्रोफेसरने एका बेकार माणसाला टेबल दिलं होतं.

आणि बायका. त्या काळात बायकांना लॅबमध्ये उभं करणारे प्रोफेसर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हॉपकिन्स यांच्याकडे म्युरिएल व्हेल्डेल, डोरोथी नीडहॅम, मार्जरी स्टीफन्सन. स्टीफन्सन १९४५ साली रॉयल सोसायटीच्या पहिल्या दोन स्त्री फेलोंपैकी एक झाल्या.

चाफेकळी

आणि आपल्या कमला सोहोनी! दुर्गाबाई भागवतांची बहीण. ताई तुम्ही मुद्दाम राखून ठेवलंय ना?

वैतरणा

चाफेकळी, हो गं, तुझ्यासारखं कोणीतरी विचारील म्हणूनच थांबले होते.

कमला भागवत, जन्म १९११. मुंबईहून बीएस्सी, पहिल्या नंबरात. बंगलोरला इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला तर सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. ही तिथे जाऊन हटून बसली. शेवटी घेतलं, पण वर्षभर प्रोबेशनवर, आणि इतर विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये अशा अटींवर. ते वर्ष तिने कसं काढलं असेल याचा विचार केला की माझ्या घशात अजून आवंढा येतो. श्रीनिवासय्या यांच्याकडे काम केलं, १९३६ ला एमएस्सी.

मग केंब्रिज, न्यूनहॅम कॉलेज, आणि हॉपकिन्स यांची लॅब. त्याच काळात त्याच विषयात एका दारात अटी आणि दुसऱ्या दारात नुसतं, या. बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी, पेशीच्या श्वसनातलं एक प्रथिन, वनस्पतींच्या पेशींतही असतं हे तिने दाखवलं. १९३९ मध्ये पीएचडी, प्रबंध जेमतेम ४० पानांचा. परत आल्यावर दिल्लीला लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधनाची लॅब, लग्नानंतर मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे नीरा, डाळी, ताडगूळ, गरिबाच्या ताटातल्या गोष्टींवर काम. नीरेच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार. म्हणजे ॲक्सेसरी फॅक्टर्सचा धागा केंब्रिजहून निघून आपल्या ताडगुळापर्यंत आला.

शंकेखोर

दोन बारीक दुरुस्त्या. एक, सोहोनींचं रोजचं मार्गदर्शन डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांनी केलं, हॉपकिन्स विभागाचे प्रमुख होते. दोन, विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असं त्यांच्याबद्दल बऱ्याच ठिकाणी लिहितात पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ सालीच मिशिगनहून डॉक्टरेट मिळाली होती. आणि एक भर, केंब्रिजने बायकांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी १९४८ पासून दिली. हॉपकिन्स १६ मे १९४७ ला गेले, म्हणजे त्यांना ते बघायला मिळालं नाही.

वैतरणा

आभार, अशा दुरुस्त्यांसाठीच इथे लिहावंसं वाटतं. ४८ चं माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे सोहोनींची पदवी केंब्रिजच्या नियमाने नावापुरतीच होती तर. वाईट वाटलं.

पुणेरी_पेरू

ताई थोडं अवांतर, आमच्या इथल्या पार्लरमध्ये गोरं होण्यासाठी ग्लुटाथायोनच्या गोळ्या आणि इंजेक्शन घ्या म्हणतायत, माझ्या भाचीच्या लग्नाआधी. गुगल केलं तर हॉपकिन्सचंच नाव आलं म्हणून विचारते.

वैतरणा

अवांतर अजिबात नाही. ग्लुटाथायोन हे नाव त्यांनीच १९२१ साली दिलं, यीस्ट आणि स्नायूमधून वेगळं काढून. आपल्या प्रत्येक पेशीत असतं आणि पेशीला ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून सांभाळतं. त्यांनी आधी सांगितलं की यात दोन अमिनो ॲसिडं आहेत, ग्लुटामिक आणि सिस्टीन. १९२७ मध्ये हंटर आणि ईगल्स यांनी आकडे जुळत नाहीत म्हणून आक्षेप घेतला. हॉपकिन्स तेव्हा पासष्टी ओलांडलेले, सर झालेले. पुन्हा लॅबमध्ये गेले, स्फटिक काढून पहिल्यापासून तपासलं आणि १९२९ मध्ये छापलं की तीन आहेत, तिसरं ग्लायसीन. आपलीच चूक आपण दुरुस्त केली. नोबेलही त्याच वर्षी.

भाचीला सांगा, गोरं होण्यासाठी शिरेतून टोचून घेऊ नको. अमेरिकेच्या एफडीएनेही त्वचा उजळवायच्या इंजेक्शनांबद्दल इशारा दिलेला आहे. आणि तिला सांगा ती आहे तशी छानच दिसते.

डेमो_रूम

मॅडम, मी एका कॉलेजात यंदाच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलोय. तुमचा धागा वाचला आणि नेमकं परवा आमच्या बॅचला हॉपकिन्स-कोलमध्ये रिंग आली नाही. तीसपैकी एकालाही नाही. जर्नलमध्ये पोरांनी रिंग आली असं लिहिलं आणि मी सही केली. आता झोप येत नाहीये.

वैतरणा

अरे सही सगळ्यांनीच केलीय कधी ना कधी, मीपण. आता असं कर. रिएजंटची बाटली किती जुनी आहे बघ, बहुतेक तिथेच घोळ असणार. ताजं कर, मॅग्नेशियमची पूड पाण्यात घेऊन ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण थोडं थोडं घाल, गरम होतं तेव्हा गार पाण्यात धर, गाळ, ॲसेटिक ॲसिडने आंबट कर. आणि सल्फ्युरिक ताजं, बाटलीचं बूच उघडं राहिलेलं नको, ते हवेतलं पाणी ओढून पातळ होतं. गॉगल घाल आणि पोरांनाही घालायला लाव. एक ट्यूब अंड्याच्या पांढऱ्याची आणि एक साध्या जिलेटिनची ठेव. जिलेटिनची का ते त्यांना सांगू नकोस.

डेमो_रूम

मॅडम आज पुन्हा घेतलं. जुनं रिएजंट आणि ताजं, दोन्ही शेजारीशेजारी. जुन्यात काही नाही. ताज्यात अंड्याला अशी रिंग आली की मागच्या बाकावरची पोरं पुढे धावली, मला ट्यूब हलवू नका हलवू नका ओरडावं लागलं. मग जिलेटिनला आलीच नाही. पोरं म्हणाली सर ही फसली. मी म्हटलं परत करा. तीन वेळा केली, तीनदा नाही. मग एक मुलगी, वर्गात कधी बोलत नाही ती, म्हणाली की सर जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नसेल तर?

जर्नलची ती पानं पोरांना परत लिहायला दिलीयत. यावेळी जे दिसलं तेच.